महासाथ आणि ज्येष्ठांचे आयुर्मान

प्रश्न : कोविडमुळे सरासरी आयुर्मान घटल्याचे वाचल्यापासून, आपलीही वर्षे कमी झाली असे माझी ७४ वर्षांची आई म्हणते. हे खरे आहे का?

उत्तर : नाही, आणि हे आईंना आवर्जून सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२१ या काळात जगाचे सरासरी आयुर्मान १.८ वर्षांनी घटून ७१.४ वर्षांवर आले. परंतु हा आकडा त्या वर्षीचे मृत्युदर पुढेही तसेच राहतील असे गृहीत धरून काढतात, त्यामुळे कोणा एका व्यक्तीचे उरलेले आयुष्य त्यावरून कळत नाही. मला अधिक काळजी वाटते ती घरात बसून झिजलेल्या स्नायूंची आणि लांबणीवर पडलेल्या तपासण्यांची. हातांचा आधार न घेता त्यांना खुर्चीतून उठता येते का, हे पाहा; जमत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पायांचे व्यायाम सुरू करावेत.