फिक्स्ड ब्लेड ब्रॉडहेड किती टिकतात आणि घरी धार लावता येते का?

तुम्ही विचारलंय की मिशिगनला असता, १ ऑक्टोबरला सीझन उघडला की पहिल्यांदाच कंपाउंड बो (कप्प्यांचं आधुनिक धनुष्य) घेऊन हरणाला जाणार, दुकानात फिक्स्ड ब्लेड ब्रॉडहेड, म्हणजे बाणाला पुढे लावायचं, न दुमडणाऱ्या पात्यांचं शिकारीचं टोक, घ्या म्हणाले, तर एक ब्रॉडहेड किती वेळा वापरता येतो आणि धार घरी लावायची की दरवेळी नवीन पाकीट आणायचं. मी पण इकडचाच. थेट सांगायचं तर ब्रॉडहेड सरळ आहे तोवर टिकतो. धार जाणारच आहे, फोमच्या टार्गेटमध्ये एकदा मारला तरी जाते, ती परत आणता येते. पण मधला दांडा म्हणजे फेरूल वाकला किंवा टोक मुडपलं की विषय संपला, मग त्याला कितीही धार लावा, बाण सरळ जाणारच नाही.

म्हणून बाण काढून आणल्यावर धार नंतर बघा, आधी फिरवून बघा. टोक टेबलावर टेकवायचं, बाण उभा धरून चिमटीत गरकन फिरवायचा आणि नजर ठेवायची ब्रॉडहेड जिथे बाणाला स्क्रू होतो त्या जोडावर. तिथे जराही थरथर दिसली तर तो शिकारीच्या डब्यातून बाहेर. कधीकधी दोष ब्रॉडहेडचा नसतो, बाणातला इन्सर्टच (ज्यात ब्रॉडहेड स्क्रू होतो ती नळी) तिरका बसलेला असतो, त्यामुळे तोच ब्रॉडहेड दुसऱ्या बाणावर लावून परत फिरवा आणि मगच टाकायचा की ठेवायचा ते ठरवा. अ‍ॅल्युमिनियमचे फेरूल हाडाला लागून वाकतात, स्टीलचे सहसा वाचतात. खांद्याच्या हाडावर बसलेला बाण असेल तर जास्तच निरखून बघा.

आता कुठला घ्यायचा. बदलायच्या पात्यांचे येतात, मझी, स्लिक ट्रिक वगैरे, त्यात धारेची भानगड नाही, पाती बोथट झाली की नवीन सरकवायची, फेरूल तोच. पहिल्या वर्षाला हेच घ्या असं माझं मत, कारण तुमचा वेळ बो ट्यून करण्यात गेलेला बरा, फिक्स्ड ब्लेड हे साध्या फील्ड पॉइंटच्या (सरावाचं बिनपात्याचं टोक) जागी पडतीलच असं नसतं आणि ते जुळवण्यात बरेच वीकेंड जातात. फक्त पाती पातळ असतात, हाडाला लागली की वाकतात किंवा तुकडा उडतो. दुसरे अख्खे एकाच तुकड्यातले, जी५ चा मॉन्टेक किंवा व्हीपीएचे तीन पात्यांचे, आणि तिसरे दोन पात्यांचे जाड, ज्यात सिंगल बेव्हल, म्हणजे एकाच बाजूने तासलेली धार, पण आलं. सिंगल बेव्हलचं वेड एड अ‍ॅशबींच्या अभ्यासामुळे वाढलं, त्यांनी १९८० च्या दशकात आफ्रिकेत मोठ्या जनावरांवर बाण किती आत जातो आणि हाड फोडतो का हे तपासलं होतं. चांगलं काम आहे, पण आपलं व्हाइटटेल, म्हणजे इथलं हरीण, काही म्हैस नाही, खांद्यामागे बरगड्यांत बाण बसला तर साधा धारदार १०० ग्रेनचा (साधारण साडेसहा ग्रॅम) पुरून उरतो.

स्टीलचं एवढंच लक्षात ठेवा की मऊ स्टीलची धार दुमडते आणि कडक स्टीलची टवका उडून जाते. ४२० स्टेनलेस मऊकडे झुकतं, दगडावर पटकन धरतं. आयर्न विलसारखे महागडे ए२ टूल स्टीलचे ६० रॉकवेलच्या (स्टीलच्या कडकपणाचं माप) आसपास असतात, धार खूप वेळ टिकते पण गेली की साध्या दगडाने तासभर घासत बसाल, त्याला डायमंड प्लेटच लागते.

धार लावण्याबद्दल जरा नीट सांगतो कारण व्हिडिओत हे फार सोपं दाखवतात. एका तुकड्यातला तीन पात्यांचा असेल तर सगळ्यात सोपं, दोन पाती एकदम दगडावर सपाट टेकतात, कोन आपोआप मिळतो, बाणालाच लावून ठेवायचा म्हणजे तोच दांडा होतो, आणि ढकलायचं. आधी पात्याच्या कडेला काळ्या मार्करने रंगवून घ्या, दोनचार हात मारले की दिसतं शाई कुठे गेली आणि कुठे राहिली, टोकाजवळ शाई तशीच असेल तर तुम्ही मागच्या बाजूला जास्त दाबताय. प्रत्येक जोडीला सारखेच हात मारा, नाहीतर एक पातं झिजून बॅलन्स जातो. ह्यात दोन्ही बाजू मिळून कोन ६० अंशांचा होतो, म्हणजे तशी बोजड धार, मजबूत पण दाढीच्या ब्लेडसारखी कधी होणार नाही, हे माहीत असू द्या म्हणजे उगाच घासत बसणार नाही.

दोन पात्यांच्याला कोन हाताने धरावा लागतो, एका बाजूने २० ते २५ अंश, आणि नवख्याचा हात इथेच हलतो. केएमई कंपनीचा रोलरवाला जिग, म्हणजे कोन धरून ठेवणारा साचा, मिळतो, घेऊन टाका. एका बाजूने घासत राहायचं जोवर पलीकडच्या कडेला बोटाला खरखर लागत नाही, ती खरखर म्हणजे बर, ती टोकापासून शेवटपर्यंत सलग आली पाहिजे, मध्येच तुटली असेल तर तिथे धार पोचलीच नाही. मग दुसरी बाजू. सिंगल बेव्हलला एकच बाजू घासायची, सपाट बाजूला फक्त बर काढण्यापुरता हात. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पॉलिश लावून मागे ओढायचं, न्हावी वस्तरा ओढायचा तसं, पुढे ढकललंत तर पट्टाच कापेल. बोट धारेवरून लांबीने फिरवू नका, आडवंच न्या. तपासायला रबरबँड ताणून धरा आणि पातं नुसतं टेकवून हलकेच ओढा, दाब न देता तुटलं तर झालं, घसरलं तर परत दगडावर.

एवढी कटकट कशाला असं वाटेल, पण बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्त जाऊनच जनावर पडतं, आणि बोथट पातं रक्तवाहिनी कापण्याऐवजी बाजूला सारतं. मग हरीण तडफडत लांब जातं आणि आपण टॉर्च घेऊन रात्रभर पानांवर थेंब शोधत फिरतो. आपल्याकडे भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंदच आहे त्यामुळे घरातून हे कुणी शिकवलेलं नसतं, इथल्या पोरांना आजोबांकडून मिळतं ते आपल्याला वाचूनच घ्यावं लागतं.

सरावाचा ब्रॉडहेड वेगळा ठेवा, मी बायकोचं नेलपॉलिश लावून खूण करतो (तिला आता सवय झालीये). क्विव्हरच्या (बाणांच्या भात्याच्या) टोपीतल्या फोममध्ये रोज खुपसून काढलं तरी धार उतरते, लोकांच्या हे लक्षातच येत नाही. ए२ किंवा कार्बन स्टील दवाने सुद्धा गंजतं, धारेला व्हॅसलीनचा पातळ हात मारून ठेवा, रक्त लागलं असेल तर त्याच रात्री धुऊन पुसा.

आणि घासून घासून दोन पात्यांची रुंदी कमी होत जाते, वजनही. मिशिगनमध्ये हरणासाठी ब्रॉडहेड किमान ७/८ इंच रुंद लागतो, म्हणजे २२ मिलिमीटरच्या थोडं वर, त्या वर्षीचं डीएनआरचं (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं) शिकारीच्या नियमांचं पुस्तक बघून घ्या. सीझनआधी एकदा कॅलिपर लावा, त्याच्या खाली गेलेला मी सरळ सरावाच्या डब्यात टाकतो.