एमआरआयसाठी उंदराला आयसोफ्लुरेनची भूल किती टक्के द्यावी?

पंचवीस ग्रॅमचा उंदीर ७ टेस्ला चुंबकशक्तीच्या यंत्रात तासभर ठेवायचा, तर आयसोफ्लुरेन हे श्वासावाटे द्यायचे भुलीचे औषध किती टक्के द्यावे आणि त्याऐवजी टोचून द्यायची केटामाइन-झायलाझिनची जोडी चालेल का, असे आपण विचारले आहे. झोपवताना ३ ते ४ आणि पुढे १ ते २ टक्के, हे आकडे आपल्याला ठाऊक असणारच. परंतु त्यांवर विसंबून मी एक प्राणी गमावला आहे.

आमच्या वरिष्ठांचा नियम असा होता की, भुलेच्या यंत्राची डायल दीड टक्क्यावर आणल्यानंतर स्कॅन संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या सकाळी उंदराचा श्वास मिनिटाला ८० होता. विसाव्या मिनिटाला तो ४५ वर उतरला, पडद्यावरच्या लाटा विरळ होत गेल्या आणि मधूनच आचका दिल्यासारखा एखादा खोल श्वास दिसू लागला. मी थांबण्याची परवानगी मागितली, तेव्हा सिक्वेन्स, म्हणजे चालू असलेली प्रतिमांची फेरी, पूर्ण होऊ दे, असे उत्तर मिळाले. शेवटच्या श्वासानंतर पाच मिनिटांच्या आत उंदराला ठेवलेला पाळणा यंत्राबाहेर काढला, तरी उंदीर हाताला थंडगार लागला. त्याला ऊब देणाऱ्या कोमट पाण्याची नळी कॉइलच्या (संकेत टिपणाऱ्या अँटेनाच्या) केबलखाली मुडपली होती आणि गुदद्वारातील तापमापक वेळ वाचवण्यासाठी लावलाच नव्हता. नोंदवहीत कारण लिहिले गेले, ‘अशक्त प्राणी’. ते मला तेव्हाही मान्य नव्हते, आजही नाही. भुलेखाली एवढ्याशा देहाला स्वतःची ऊब राखता येत नाही, आणि शरीर थंडावले की भुलेची गरज कमी होते. म्हणजे डायल न हलवताही तेच दीड टक्के जास्त झाले होते.

म्हणून फायबर-ऑप्टिक तापमापक लावल्याशिवाय स्कॅन सुरूच करू नका. तापमान ३७ अंशांच्या आसपास आणि श्वास ६० ते १०० मध्ये राहील इतकीच भूल ठेवा. श्वास मंदावला तर भूल लगेच कमी करा आणि त्याच वेळी तापमानही पाहा. केटामाइन-झायलाझिन मी तासभराच्या स्कॅनसाठी वापरणार नाही, कारण टोचलेली मात्रा यंत्राच्या आत असताना कमी-जास्त करता येत नाही.

अर्थात, हे सारे रचनात्मक प्रतिमांपुरते आहे. मेंदूचे कार्य पाहायचे असेल तर आयसोफ्लुरेन रक्तवाहिन्या रुंदावून रक्तातील ऑक्सिजनवर बेतलेला संकेत क्षीण करते, त्यामुळे पुष्कळजण मेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधाकडे वळतात. तेथे भुलेसोबत कोणता वायू देता, हेही ठरवून घ्यावे लागते; ओगावा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्येच दाखवले होते की, श्वासातील वायू बदलला की रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) मेंदूतील शिरांच्या काळ्या रेषा प्रतिमेत कमी-अधिक गडद होतात.