ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे देवाकडे नुसतं मागणंच का?

मागणं आहेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर मागितली आहे, तीही आजच्यापुरती. पण खरी गोम पुढे आहे: आम्ही इतरांना क्षमा केली तशी आम्हालाही कर. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, 6व्या अध्यायात, प्रार्थना सांगून झाल्यावर येशू लगेच याच एका मुद्द्यावर परत येतो. म्हणजे सकाळी हे शब्द म्हणायचे आणि दुपारी अबोला धरलेल्या भावाचा फोन मुद्दाम कट करायचा, हे जमत नाही (निदान जमू नये).  आणि मागण्याचंच म्हणाल तर, अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला, म्हणजे पुढे येणारं मरण, टळावा असं येशूने स्वतः मागितलं. तो टळला नाही. त्यामुळे मागितलेलं मिळालं नाही म्हणून प्रार्थना फुकट गेली, असं मी तरी धरत नाही.