नुसतं चिकटून काय होतं?

प्रिय मुली,

तुझी मेल वाचली, फोटोही मोठे करून बघितले. व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवायला सांगणारं प्रोटीन आणि त्याला धरणारे पेशीवरचे दोन रिसेप्टर, आर-१ आणि आर-२, हा तुझा विषय. "सर, व्हीईजीएफचा आर-१ रिसेप्टर बंद केल्यावर रक्तवाहिन्यांचे अंकुर कमी व्हायला हवे होते. ते वाढले, म्हणजे प्रयोग फसला," असं लिहितेस आणि लगेच विषय बदलू का, असं विचारतेस. ते तुझ्या गाइडना विचार. पण प्रयोग फसला हे तुला कोणी सांगितलं?

चिकटलं म्हणजे संदेश पोचला असं नाही. व्हीईजीएफ आर-१ ला आर-२ पेक्षा जवळजवळ दहापट घट्ट चिकटतो, हे तू वाचलंस आणि जो घट्ट धरतो तोच जास्त काम करतो असं गृहीत धरलंस. मात्र आर-१ चं आतलं कायनेज, म्हणजे पेशीत संदेश सुरू करणारं एन्झाइम, अगदी दुबळं आहे. पेशीला 'वाढ, पुढे सरक' हे सांगतो तो मुख्यतः आर-२. सोसायटीच्या वॉचमनने कुरिअरवर सही केली म्हणून पार्सल तुमच्या घरात आलेलं नसतं.

१९९५ च्या 'नेचर'मधले पाठोपाठ छापलेले ते दोन पेपर काढ. आर-२ नसलेल्या उंदरांच्या गर्भात रक्तवाहिन्या तयारच झाल्या नाहीत. आर-१ नसलेले गर्भही मेले, पण एंडोथेलियल पेशी (वाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या) बेसुमार वाढून सगळी रचना विस्कटल्यामुळे. पुढे १९९८ मध्ये जपानी गटाने आर-१ चा फक्त आतला कायनेजचा भाग काढला आणि बाहेरचा, पकडणारा भाग ठेवला. ते उंदीर जगले, त्यांच्या वाहिन्याही ठीकठाक होत्या! म्हणजे गर्भात आर-१ चं मोठं काम व्हीईजीएफ धरून ठेवण्याचं, आर-२ च्या वाट्याला बेताचाच येऊ देण्याचं. तुझे अंकुर वाढले यात नवल ते काय?

आता जरा रागावतो. पेशी फोडून ब्लॉट (प्रोटीन ओळखण्याची चाचणी) केलास आणि वरचं मीडियम, पेशी ज्यात वाढतात तो द्रव, सिंकमध्ये ओतलंस ना? आर-१ चं एक विरघळणारं रूप असतं. त्याला पेशीच्या पडद्यात रुतणारा भाग नसतो, कायनेज नसतं, पेशी ते बाहेर सोडते. बांधण्यापलीकडे त्याला काही येतच नाही. तुझ्या उत्तरातला अर्धा भाग त्या मीडियममध्ये होता. आणि तुझा एसआयआरएनए, जनुक गप्प करणारा तो आरएनएचा तुकडा, नेमका कुठे बसतो? पहिले १३ एक्झॉन (जनुकातले प्रोटीनची माहिती असलेले तुकडे) दोन्ही रूपांत सारखे आहेत. त्यांत बसत असेल तर तू दोघांनाही बंद केलंस आणि 'आर-१' असं एकच नाव लिहून मोकळी झालीस.

हे नुसतं डिशमधलं कौतुक नाही. आपला कॉर्निया पारदर्शक राहतो, त्यात रक्तवाहिन्या शिरत नाहीत, कारण तिथे हे विरघळणारं रूप व्हीईजीएफला अडवून धरतं. मॅनाटी या पाण्यातल्या सस्तन प्राण्याच्या कॉर्नियात ते नसतं आणि त्याच्या कॉर्नियात वाहिन्या असतात. (२००६ चा हा पेपर मी अजूनही लोकांना हौसेने दाखवतो.) तेच रूप गर्भाच्या वारेतून जास्त सुटलं तर? २००३ मध्ये गाभण उंदीर-माद्यांमध्ये ते वाढवल्यावर रक्तदाब चढला, लघवीतून प्रोटीन जाऊ लागलं, मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या सुजल्या. प्रीएक्लॅम्प्सियाचं, गरोदरपणातल्या त्या धोकादायक आजाराचं, हेच चित्र. कॅन्सरसाठी बेव्हॅसिझुमॅब, हे व्हीईजीएफ अडवणारं औषध, घेणाऱ्यांनाही बीपी आणि लघवीतलं प्रोटीन का तपासावं लागतं, हे आता तूच सांग. आणि मधुमेहात डोळ्याचा पडदा सुजल्यावर देतात ते अफ्लिबरसेप्ट तरी काय आहे? दोन्ही रिसेप्टरांचे पकडणारे तुकडे जोडून बनवलेलं प्रोटीन. चिकटतं, संदेश देत नाही. म्हणूनच औषध आहे.

चिकटणं वेगळं, पोचणं वेगळं. माझ्या विद्यार्थ्यांना हे वाक्य पाठ आहे, काही जण माझी नक्कलही करतात. आर-१ ला सगळे निकामी म्हणत होते तेव्हा मी तो धरून बसलो. प्रोजेक्ट नाकारला गेला, औषधांच्या स्क्रीनिंगकडे वळलेल्यांना पैसे मिळाले. माझा एक हुशार विद्यार्थी कंटाळून सोडून गेला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. हट्टापायी मी मुलांची वर्षं खाल्ली असं मागे बोलतात, मला माहीत आहे. पण मी हट्ट करत होतो तो कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठीच्या प्रयोगाचा. दोन रूपं वेगळी मोजल्याशिवाय पेपर पाठवायचा नाही, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि पुन्हा वेळ आली तर तेच म्हणेन.

असो. दोन वेगळे एसआयआरएनए घे, एक फक्त पडद्यातल्या रूपासाठी, एक दोन्हींसाठी. मीडियम जपून ठेव, त्यावर एलायझा (प्रोटीन किती ते मोजणारी चाचणी) लाव. पेशी सीरमविना ठेवून व्हीईजीएफ दे आणि पाचव्या मिनिटाला आर-२ वरचं फॉस्फेट, म्हणजे संदेश सुरू झाल्याची खूण, बघ, एकूण आर-२ च्या ब्लॉटसकट. मग शुद्ध विरघळणारं रूप परत घालून अंकुर कमी होतात का ते पाहा. ब्लॉट पाठवशील तेव्हा अख्खा पाठव, कापलेला नको. आणि गाइडना ते १९९५ चे पेपर आधी दे, मगच भेटायला जा.

तुझा,
सर