चकचकीत काळा दगड आणि दारातला गेरू

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दगडाची निघाली, चमकी हेमेटाइट, लोखंडाचं काळं चमचमतं खनिज, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि ही सगळी पानं त्यालाच दिलीत. माझा स्वतःचा हा फार लाडका दगड आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. मे महिन्यात आम्ही रेडीच्या गणपतीला गेलो होतो, येताना रस्त्याच्या कडेला एक काळा दगड मिळाला, उन्हात धरला की चमकी ओतल्यासारखा चमचमतो आणि बोटांना पण चमकी लागते. मुठीएवढाच आहे पण वजनाला चांगला जड. मिस्टर म्हणतात अभ्रक आहे, शेजारचे काका म्हणतात शिशाचं काहीतरी, आणि मुलाने फ्रिजचं मॅग्नेट लावून बघितलं तर चिकटलं नाही म्हणून तो म्हणतो यात लोखंड नाहीच. नक्की काय आहे? — एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : ताई, तुम्ही रेडी म्हणालात तिथेच माझे कान टवकारले, कारण रेडी म्हणजे लोहखनिजाचा गाव, गोव्याचा जो लोहखनिजाचा पट्टा आहे तो वर सिंधुदुर्गात शिरतो तो तिथेच, आणि ज्या गणपतीला तुम्ही जाऊन आलात ती मूर्तीसुद्धा 1976 साली तिथल्या खाणीच्या भागातच सापडली. तरी गावावरून दगड ठरवायचा नाही, दगडालाच विचारायचं.

घरात उरलेली पांढरी टाइल असेल तर तिची मागची, पॉलिश नसलेली बाजू घ्या. टाइल मागून लाल मातीची असेल तर उपयोग नाही, त्यावर रेघ दिसणार नाही. टाइल नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करा, बुडाला जी खरखरीत कडा असते तीही चालते. त्यावर दगड जोरात घासा. दगड काळा आणि रेघ लाल, म्हणजे विटकरी किंवा गेरूसारखी लालसर तपकिरी आली की समजा हेमेटाइट. रेघ काळी आली तर मॅग्नेटाइट, लोखंडाचंच दुसरं खनिज, आणि शिशाचं खनिज गॅलिना असेल तर राखाडी. अभ्रकाची रेघ पांढरट येते.

मी पहिल्यांदा ही रेघ ओढली तेव्हा खरंच थांबून बघत बसले होते, कारण ती लाल ओळखीची होती. दिवाळीत रांगोळीच्या आधी आपण जमीन गेरूने सारवतो ना, आता अंगण गेलं आणि फ्लॅटच्या दाराबाहेरचा दोन फुटांचा चौकोन उरला तरी गेरू तोच, तुळशीवृंदावनाला लावतो तो तोच, वारली चित्रांची लाल भिंतही त्याचीच. गेरूला तो रंग देणारं खनिज म्हणजे हेमेटाइटच! लोखंड आणि ऑक्सिजन, बाकी काही नाही, वजनात जवळजवळ 70 टक्के लोखंड. कण अतिशय बारीक असले की लाल दिसतं, आणि जमिनीखाली दाबाने आणि उष्णतेने तेच कण मोठ्या पातळ पापुद्र्यांसारखे वाढले की प्रत्येक पापुद्रा छोट्या आरशासारखा उजेड परत फेकतो आणि आपल्याला काळा रुपेरी चमचमता दगड दिसतो. याला स्पेक्युलराइट म्हणतात, लॅटिनमध्ये स्पेक्युलम म्हणजे आरसा त्यावरून.

आता मुलाला सांगा की त्याने मॅग्नेट लावून बघितलं हे फार छान केलं, फक्त निष्कर्ष चुकला. लोखंड असलेलं सगळंच चुंबकाला चिकटत नाही. हेमेटाइट जवळजवळ नाहीच चिकटत, मॅग्नेटाइट मात्र पटकन चिकटतं, आणि खऱ्या दगडात दोन्ही मिसळलेली असली तर थोडीशी ओढ जाणवते. अमेरिकेत मिशिगनमध्ये 1844 साली सर्वेक्षण करणाऱ्या लोकांच्या होकायंत्राची सुई वेडीवाकडी फिरायला लागली आणि त्यावरून तिथल्या मोठ्या लोहसाठ्याचा पत्ता लागला, ती करामत मॅग्नेटाइटची, पण त्याच भागात लाल जास्पर (गारगोटीचीच लाल जात) आणि चमकी हेमेटाइटचे आलटून पालटून पट्टे असलेला इतका सुंदर दगड मिळतो की जगभरचे छंदी लोक त्यासाठी जीव टाकतात.

वजनाचीही परीक्षा करा, मुलाला मजा येईल. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दगडाचं वजन घ्या. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, दोरा हातातच धरायचा. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने पहिल्या वजनाला भागा. समजा दगड 156 ग्रॅम आणि बुडवल्यावर आकडा 30, तर उत्तर 5.2, म्हणजे पाण्याच्या 5.2 पट जड, शुद्ध हेमेटाइट तेवढंच असतं. अभ्रक 3 च्या आसपास, गॅलिना 7.5. तुमचं उत्तर 4 आलं तर घाबरू नका, मध्ये गारेचे, म्हणजे गारगोटीचे, पट्टे असतील.

प्रश्न : मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असा चमकी दगड शोधायला रविवारी पारसिकच्या डोंगरावर किंवा येऊरला गेलो तर मिळेल का? दोन चार मित्र पण येणारेत. — ऐरोली

उत्तर : नाही मिळणार, आणि आधीच सांगते म्हणजे रविवार फुकट जायचा नाही. आपल्या ठाण्या-नवी मुंबईखाली सगळा लाव्हाचा काळा दगड, बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात लोखंड आहे, पण चमकी हेमेटाइटचे थर त्यात बनत नाहीत. त्याला लागतात धारवाडसारखे फार जुने खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुने, समुद्राच्या तळाशी लोखंड आणि सिलिका (गार ज्याची बनते ते) यांचे थर बसून तयार झालेले. ते आपल्याकडे रेडीला, मग गोवा, कर्नाटकात बळ्ळारी-संडूर-होस्पेट, छत्तीसगडमध्ये बैलाडिला आणि गडचिरोलीत सुरजागड. हंपीला ट्रिप काढलीत तर होस्पेट अगदी शेजारीच आहे.

पारसिकच्या बेसॉल्टमध्ये काही चमकलं तर ते बहुतेक कॅल्साइट नाहीतर झिओलाइट, म्हणजे लाव्हाच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक, असेल, तेही सुंदर असतं, त्यावर वेगळं लिहा मला. येऊर मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून दगडच काय पानसुद्धा उचलायचं नाही. खाणीच्या बाबतीतही तसंच. लीजच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नकोस, गेट उघडं दिसलं तरी. ऑफिसला आधी पत्र द्यायचं, कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागातर्फे दिलं तर जास्त बरं. आत गेल्यावर हेल्मेट, बूट आणि सोबतचा माणूस सांगेल तिथेच उभं राहायचं, उभ्या कापलेल्या कड्याखाली अजिबात नाही. आणि पावसाळ्यात तर नकोच, लाल माती भिजली की खालून सरकते.

परवानगी नाही मिळाली तर प्रदर्शनातून विकत घे, त्यात कमीपणा काही नाही, फक्त दगड कुठल्या गावचा ते विकणाऱ्याला विचारायचं आणि तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहायचं. गावाचं नाव हरवलेल्या दगडाबद्दल मला खरंच वाईट वाटतं, त्याची अर्धी गोष्टच गेलेली असते.

प्रश्न : ताई, होस्पेटहून मित्राने आणलेला चमकी हेमेटाइटचा तुकडा पेंडंटसाठी घासायचा म्हणून घरीच ग्राइंडर लावला, तर दगडाच्या कडा पापुद्र्यासारख्या सुटल्या, बाल्कनीभर लाल चिखल झाला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर शिंतोडे गेले. बायकोने आता सगळं बंद करायला सांगितलंय. फ्लॅटमध्ये हे काम होऊच शकत नाही का? — नेरूळ

उत्तर : होतं दादा, मी नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहून केलंय, पण ग्राइंडर बंद करा आणि काकूंना चादर धुवून द्या आधी.

लाल चिखलाचं सांगते. हेमेटाइट हे नावच ग्रीक भाषेतल्या रक्ताच्या शब्दावरून आलंय, कापताना पाणी रक्तासारखं लाल होतं. दगड वरून कितीही काळा चांदीसारखा असू दे, बारीक दळला की तो गेरूच. म्हणून जुने कपडे, टबच्या खाली जुनी फ्लेक्सची शीट, आणि सांडलं की वाळायच्या आत साबणाने पुसायचं, टाइलच्या फटीत एकदा वाळलं की जाता जात नाही.

सुकं घासायचं नाही, एकदाही नाही. हेमेटाइटच्या चमकीमध्ये गार आणि जास्पर मिसळलेले असतात, त्यांची सुकी धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. पाण्याखाली घासा, शिवाय एन-95 मास्क आणि चष्मा. वीज आणि पाणी एकत्र येणार असेल तर लाइन ईएलसीबीवर (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) असलीच पाहिजे. पण मुळात मोठा दगड कापायचं काम घरी करूच नका, मार्बल-ग्रॅनाइट कापणाऱ्याकडे पाणी सोडलेला डायमंड ब्लेड असतो, 8-10 मिलिमीटर जाडीची चकती काढून द्या म्हणावं, दोन मिनिटांचं काम आहे.

आता कडा का सुटल्या. चमकी हेमेटाइट दोन जातीचं येतं असं धरा. एक घट्ट, ज्यात पापुद्रे एकमेकांत गुंतलेले असतात किंवा गारेने बांधलेले असतात, आणि एक भुसभुशीत, ज्याची चमकी हाताला लागते. नखाने कड खरवडून बघा, पावडर पडली तर तो दगड तसाच घासला की सुटणारच. माझा पहिला तुकडा मी असाच घालवला, रेडीच्याच बाजूचा होता, तसा परत नाही मिळाला. अशा दगडाला आधी पाजावं लागतं. दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा, पावसाळा असेल तर टेबललँपच्या पिवळ्या बल्बखाली, मग गरम असतानाच पातळ इपॉक्सी रेझिन थेंब थेंब सोडायचं, ते फटीत आपोआप ओढलं जातं. चोवीस तास हात लावायचा नाही. मग दुसऱ्या बाजूने परत. रेझिनचं काम खिडकी उघडी ठेवून, हातात ग्लव्हज घालून.

कापायची दिशासुद्धा बघा. पापुद्रे ज्या अंगाने पसरलेत त्याच अंगाने कापलं तर मोठी आरशासारखी चमक येते पण वरचा थर उचकटतो. काटकोनात कापलं तर दगड टिकतो पण चमक बारीक रेघांची होते. मी थोडा तिरका कापते, ओल्या दगडावर टॉर्च फिरवून कुठल्या कोनात सगळ्यात जास्त चमकतोय ते बघून मार्करने रेघ मारते, मगच दुकानात नेते.

पुढचं सगळं हाताने, टबमध्ये. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो, काचेच्या जाड तुकड्यावर पाणी टाकून तो चिकटवायचा आणि दगड लाखेने लाकडी काडीच्या टोकाला बसवून गोल गोल फिरवायचा. 220 नंबरच्या पेपरने आकार, मग आणखी बारीक 400, 600, 1000, 2000. प्रत्येक नंबरनंतर दगड आणि हात स्वच्छ धुवा, आधीच्या पेपरचा एक खडा राहिला तरी 2000 वर ओरखडा उठतो आणि परत 400 ला यावं लागतं. 220 वर जास्त वेळ लागतो, दोन दोन संध्याकाळी जातात, तिथे घाई केली की पुढे कितीही घासा. दाब हलका ठेवा कारण लाल जास्पर कडक आणि चमकी त्याच्यापेक्षा मऊ, जोर लावला की मऊ भाग खाली बसतो आणि पृष्ठभाग लाटेसारखा होतो.

शेवटी पॉलिश. काच पॉलिश करणारे सेरियम ऑक्साइड वापरतात ते थोडं घ्या, ओलं करून जुन्या चामड्याच्या तुकड्यावर लावा आणि घासा. सोनार दागिन्याला शेवटचा हात ज्या लाल रूजने देतात ना, ते रूज म्हणजे लोखंडाचं हेच ऑक्साइड, म्हणजे तुमच्या बाल्कनीत पडलेल्या चिखलाचं सगेसोयरं!

उरलेलं लाल पाणी बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतू नका, गाळ पाइपात बसून दगडासारखा घट्ट होतो. बादली रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी टाका, खालचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवून गुंडाळून कचऱ्यात. एवढं सांभाळलंत तर वहिनींचा विरोध मावळेल असं वाटतं, पहिलं पेंडंट त्यांनाच द्या.

प्रश्न : दगडावर पिवळट डाग आहेत, टॉयलेट क्लिनरचं ॲसिड टाकलं तर निघतील का? — कळवा

उत्तर : नका टाकू. त्या ॲसिडने खुद्द हेमेटाइटवरही परिणाम होतो, चमक मारली जाते, आणि वाफ तुमच्या नाकात जाते ते वेगळंच. मऊ टूथब्रश, कोमट पाणी, भांड्यांचा साबण, आणि नंतर पूर्ण वाळवणं. तो पिवळा थर म्हणजे पाणी शोषलेलं लोखंडाचंच ऑक्साइड, मी तर कितीतरी दगडांवर तसाच ठेवते, काळ्या चमकीशेजारी तो पिवळा छान दिसतो.

प्रश्न : बाळा, माझ्या सुनेने मला हेमेटाइटचं ब्रेसलेट आणलंय, चुंबकाचं आहे, मणी एकमेकांना चिकटतात. दुकानदार म्हणाला रक्त वाढतं आणि बीपी उतरतं. घालू का? — वय वर्षं 74, वाशी

उत्तर : आजी, दिसायला आवडलं असेल तर जरूर घाला, पण बीपीची गोळी एक दिवसही चुकवू नका आणि रक्त कमी असेल तर डॉक्टरांनाच दाखवा, दगडातलं लोखंड कातडीतून रक्तात जात नाही. पेसमेकर बसवलेला असेल तर मात्र चुंबकाचं काहीच अंगावर नको. आणि एक, मणी इतके जोरात एकमेकांना चिकटतात म्हणजे ते खाणीतलं हेमेटाइट नाहीच, कारखान्यात बनवलेलं फेराइट आहे, स्पीकरच्या चुंबकात असतं ना तशातलं. दुकानदाराने जास्त पैसे घेतले असतील तर सुनेला परत जायला सांगा.

पुढच्या वेळी फोटो पाठवताना सगळ्यांनीच दगडाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, एक फोटो सावलीत आणि एक उन्हात काढा, आणि टाइलवरच्या रेघेचा वेगळा जवळून काढा. दगड कुठे मिळाला तेही पाकिटावर लिहा.