पिकअपनं मोठी फायबर बोट वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात कशी उतरवावी?

भाऊ, ओढण्यापेक्षा उतरवणं अवघड. बोटीसकट ट्रॉलीच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पिकअपच्या मागच्या हुकवर येईल अशी बोट ट्रॉलीवर ठेवा. मागं जास्त भार झाला की ट्रॉली रस्त्यावर शेपटासारखी हलते.

उन्हाळ्यात वैनगंगेचं पाणी मागं सरकलं की काठाला वरून वाळलेली, खालून लोण्यासारखी काळी माती उरते. मागच्या मे महिन्यात माझी गाडी तिथंच रुतली, शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढली. म्हणून आधी पायी चालून बघा. टाच रुतली तर गाडी नेऊच नका, मुरमाड उतार शोधा.

बोटीच्या बुडाचं बूच घट्ट लावा, हे हमखास विसरतं. मागचे पट्टे काठावरच सोडा, पुढचा दोर मात्र बोट तरंगेपर्यंत नाही. पिकअपची चाकं पाण्याबाहेर थांबवून हँडब्रेक ओढा आणि चाकांना दगड लावा.