नवा ड्राइव्ह घेण्याआधी कॉन्टॅक्टर उघडून पाहा

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. जिनिंगचे शाफ्ट, पंपाच्या स्लीव्ह, ट्रॅक्टरच्या पिना अशी कामं येतात. जुनी सीएनसी लेथ सेकंडहँड घेतली. सकाळी ती बिनबोभाट चालते. दुपारनंतर जड जॉब लावून स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) वेग घेऊ लागला की ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, ट्रिप होतो (आपोआप बंद पडतो), कमी व्होल्टेजचा अलार्म येतो. रिसेट केला की पुन्हा चालतो. स्पिंडल थांबवून मोजलं तर तिन्ही फेज 410 च्या आसपास. मेकॅनिक म्हणतो, ड्राइव्ह गेला, नवा घ्या. शिवाय हल्ली आटे पाडताना एखाद्या जॉबचे आटे फाटतात.
— एक वाचक

उत्तर : भाऊ, ड्राइव्हची ऑर्डर आधी थांबवा. जिनिंगचा हंगाम तोंडावर असताना एवढी रक्कम अंदाजावर घालू नका. बिघडलेला ड्राइव्ह सहसा सकाळ-दुपार पाहत नाही, आणि रिसेटवर असा निमूटपणे उठतही नाही.

तुमचं 410 व्होल्टचं माप खरं आहे, पण ते थांबलेल्या मशीनचं आहे. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे जळका काँटॅक्टही त्याला धडधाकट दिसतो. माप हवं ते स्पिंडल वेग घेत असतानाचं. मेन स्विच बंद करा, ड्राइव्हच्या इनपुटला क्रोकोडाइल क्लिपने मीटर लावा, पॅनेलचं दार लोटून घ्या आणि मग सप्लाय द्या. चालू लाइनवर हात घालू नका, एकट्याने तर नाहीच. बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये 500 च्या वर व्होल्ट काही मिनिटं राहतात. निदान दहा मिनिटं थांबा, डीसी टर्मिनलवर मोजून खात्री करा, मगच स्क्रूला हात लावा.

जड जॉब फिरवताना तिन्ही फेज सारख्याच खाली आल्या आणि मेन स्विचवरही तेच दिसलं, तर दोष बाहेरच्या लाइनचा. ओलिताच्या दिवसांत पंप एकदम सुरू झाले की असं होतं. ड्राइव्हमध्ये वेग घेण्याचा वेळ तीन सेकंदांवर असेल तर आठ करून पाहा. करंटचा झटका कमी होतो आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच काम भागतं.

एकच फेज पडत असेल आणि मेनवर ती ठीक असेल, तर दोष तुमच्या पॅनेलमध्येच. माझा पहिला संशय मेन कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मशीनला सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचवर आहे. मीटरच्या दोन क्लिप एकाच फेजच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलला लावा. लोडवर तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. दोन-चार व्होल्ट आले की समजा काँटॅक्ट खाल्ला गेलाय. उघडून पाहिलंत तर चांदीच्या टिकलीवर काळे खड्डे दिसतील. टर्मिनलपाशी वायरचं इन्सुलेशन तपकिरी, कडक झालेलं असेल. एक फेज नीट लागत नसताना ड्राइव्ह हलक्या कामात तग धरतो, पण जोर लागला की डीसी व्होल्टेज कोसळतं. सकाळी धड आणि दुपारी ट्रिप, याचा मेळ इथे बसतो, कारण तापलं की सैल जोड आणखी बिघडतो. काँटॅक्ट कानशीने घासू नका, चांदीचा थर निघून जातो. कॉन्टॅक्टरच बदला, ड्राइव्हच्या मानाने तो स्वस्त आहे.

उष्णतेचंही पाहा. बरेच ड्राइव्ह 40 अंशांपर्यंतच पूर्ण लोडसाठी असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच 45 होतं. पॅनेलच्या फिल्टरमध्ये सरकीचा तंतू आणि कूलंटचं तेल मिळून नमदा जमतो, तो धुऊन वाळवून लावा. दार उघडं ठेवून समोर डेझर्ट कूलर लावण्याची पद्धत मात्र सोडा. कळकळीने सांगतो, त्या ओल्या हवेने आणि तंतूने चांगली कार्डं गेलेली मी पाहिली आहेत.

आट्यांचं दुखणं बहुधा वेगळं आहे. प्रत्येक पासला टूल कुठे शिरायचं, ते स्पिंडल एनकोडरच्या (स्पिंडलचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) फेरीला एक येणाऱ्या पल्सवर ठरतं. एनकोडरचा टायमिंग बेल्ट एक दात जरी सरकला, किंवा पुलीला शाफ्टवर धरणारा छोटा ग्रब स्क्रू ढिला असला, तरी पुढचा पास आधीच्या खाचेत बसत नाही. मशीन बंद करून चकवर आणि एनकोडरच्या पुलीवर रंगाची खूण करा. दोन्ही एकास-एक फिरत असतील तर काही जॉब काढल्यावर खुणा पुन्हा जुळवून पाहा. सरकल्या असतील तर दोष मेकॅनिकल आहे. जुळल्या असतील तर एनकोडरची केबल मोटरच्या केबलला लागून गेली आहे का ते बघा, केबलवरची शील्ड (धातूची जाळी) अर्थला नीट बांधलेली आहे का तेही. प्रोग्राममध्ये आट्यांच्या आधी जी 97, म्हणजे स्पिंडलचे फेरे स्थिर ठेवणारा कोड, आहे ना, ते तपासा. जी 96 चालू राहिलं तर व्यास बदलेल तसा वेग बदलतो आणि आटे बिघडतात. पास चालू असताना स्पिंडलच्या ओव्हरराइडला (वेग कमी-जास्त करायच्या बटणाला) हात लावू नका.

कॉन्टॅक्टरवरचं लोडचं माप घेऊन कळवा, तिन्ही फेजचं वेगवेगळं. तिथे शून्य आलं, तर पुढची पाळी मोटरच्या मेगर टेस्टची, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासण्याची. ती करताना मोटरच्या तिन्ही वायरी ड्राइव्हपासून आधी सोडवा, नाहीतर चांगला ड्राइव्हही त्यात जाईल.